बारावीचा अनसीन पॅसेज: वाचायचा कसा, सराव करायचा कसा

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजीचा लेखी पेपर 80 गुणांचा असतो. उरलेले 20 गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. या 80 मध्ये पुस्तकातल्या उताऱ्याला 12, न पाहिलेल्या उताऱ्याला 12 आणि कवितेच्या ओळींना 10 गुण आहेत. त्याच अनसीन पॅसेजवरच्या सारांशाचे 3 धरले, तर 37 गुण असे होतात की ज्यांचा मजकूर परीक्षेत समोर छापलेला असतो. तरीही कळव्यापासून खारघरपर्यंतची बरीच मुलं पत्रलेखन आणि कादंबरीची तयार उत्तरं पाठ करण्यात वर्ष घालवतात आणि उतारे ‘त्या दिवशी बघू’ म्हणून सोडून देतात. सायन्सवाल्यांमध्ये तर हे फारच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून ज्युनिअर कॉलेजात आलेल्यांना तो जास्त उपयोगी पडेल, कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि गाइडमध्ये त्यांच्याबद्दल सहसा काही नसतं.

आधी प्रश्नांचा सांगाडा ओळखा

महाराष्ट्र बोर्डाच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, गद्य उताऱ्याखाली ए-1 ते ए-6 अशा सहा कृती असतात, प्रत्येकी 2 गुणांच्या. ए-1 मध्ये उताऱ्याचा एकूण अर्थ कळला का ते पाहतात: चूक की बरोबर, घटनांचा क्रम लावा, योग्य विधानं निवडा. ए-2 मध्ये उताऱ्यात विखुरलेली माहिती गोळा करायची असते. इथे बहुधा चौकटी किंवा जाळं (वेब डायग्राम) असतं. ए-3 हा इन्फरन्सचा प्रश्न, म्हणजे लेखकाने थेट न सांगितलेलं पण त्याच्या ओळींमधून निघणारं. ए-4 मध्ये तुमचं मत, ए-5 मध्ये व्याकरण, ए-6 मध्ये शब्द.

सीबीएसईवाल्यांसाठी एवढंच: इंग्लिश कोअरच्या 80 गुणांपैकी 22 गुण दोन अनसीन पॅसेजना असतात आणि तिथे बहुपर्यायी प्रश्न जास्त येतात. वाचायची पद्धत तीच.

पेपरचा आराखडा मधूनमधून बदलतो, म्हणून जूनमध्येच बोर्डाच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचा आराखडा उतरवून घ्या. मोठ्या भावाच्या जुन्या अपेक्षित प्रश्नसंचावर विसंबू नका.

सामान

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची युवकभारती, म्हणजे इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, पीडीएफमध्ये फुकट मिळते. त्यातली एक युक्ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: तुम्ही बारावीत असाल आणि अकरावीचं इंग्रजीचं पुस्तक वर्षभरात धड उघडलंच नसेल, तर त्यातले न वाचलेले धडे हे तुमचे अनसीन पॅसेज. पातळी बोर्डाचीच असते. प्रत्येक धड्यातून अडीचशे ते तीनशे शब्दांचे दोन-तीन तुकडे सहज निघतात. मागच्या पाच वर्षांच्या बोर्डाच्या कृतिपत्रिका वेगळ्या ठेवा, त्या दिवाळीनंतर लागतील. सुरुवातीलाच त्या सोडवून संपवल्या की खरी परीक्षा घेण्याजोगं काही उरत नाही.

वर्तमानपत्र हवंच, पण अग्रलेखापासून सुरुवात करू नका. अग्रलेखात लेखक वाचकाला पार्श्वभूमी ठाऊक आहे असं धरून चालतो. पहिला महिना शहराच्या पानावरच्या बातम्या, पुढे रविवारच्या पुरवणीतले लेख आणि मग संपादकीय पान, हा क्रम ठेवा. घरी इंग्रजी पेपर येत नसेल तर वाचनालय आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून चालू आहे. आपल्या वॉर्डातल्या वाचनालयात कोणते इंग्रजी पेपर येतात ते एकदा जाऊन पाहून घ्या. आणखी एक फुकटचा स्रोत म्हणजे सोसायटीच्या फलकावरची इंग्रजी नोटीस. पाण्याची टाकी धुण्याची, पार्किंगची, सर्वसाधारण सभेची. ‘मेंबर्स हू हॅव नॉट क्लिअर्ड देअर ड्यूज शाल नॉट बी एलिजिबल’ असल्या वाक्यात नेमकं कोण, काय नाही, कशासाठी नाही हे सोडवता आलं की बोर्डाचा उतारा अवघड जात नाही.

याशिवाय एक दोनशे पानी वही, पेन्सिल, घड्याळ आणि इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्हींची ऑनलाइन आवृत्ती चालेल. घड्याळ मोबाइलचं नको. वेळ पाहायला मोबाइल हातात घेतला की त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो.

पहिला दिवस: नुसतं मोजमाप

एक उतारा घ्या. किती वाजले ते लिहा, उतारा एकदा नेहमीच्या वेगाने वाचा, पुन्हा वेळ लिहा. शब्दसंख्या भागिले मिनिटं. मिनिटाला शंभर ते दीडशे शब्द असा वेग असेल तर तीनशे शब्दांना दोन ते तीन मिनिटं लागतात आणि परीक्षेसाठी तेवढं पुरतं. वेग वाढवायच्या मागे लागू नका. आता उतारा झाकून ठेवा आणि मराठीत तीन वाक्यं लिहा: कशाबद्दल होतं, लेखक काय म्हणतो, शेवटी काय झालं. तिसरं वाक्य सुचत नसेल तर तुम्ही शब्द वाचले, उतारा नाही. या टप्प्यावर असं बहुतेकांचं होतं.

वाक्य कुठे अडतं

विद्यार्थ्यांना वाटतं की शब्द येत नाहीत म्हणून उतारा कळत नाही. तीनशे शब्दांत खरोखर अनोळखी शब्द दहा-बारा निघतात आणि त्यातले निम्मे सोडून दिले तरी अडत नाही. मुलं अडकतात ती वाक्याच्या बांधणीत.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबून अर्थ लावायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत कर्ता आला की क्रियापद लगोलग अपेक्षित असतं, पण मध्येच ‘विच’ किंवा ‘हू’ घुसला की कर्ता एका ओळीत आणि क्रियापद दुसऱ्या ओळीत. आपण ‘जो मुलगा काल आला होता तो’ असं आधी सांगून टाकतो. इंग्रजी आधी मुलगा सांगते आणि वर्णन मागाहून चिकटवते. म्हणून पहिले तीन आठवडे प्रत्येक लांब वाक्यात पेन्सिलने तीन खुणा करा: कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा आणि मध्ये घुसलेल्या भागाला कंस. कंसातलं सोडून वाक्य वाचा. सांगाडा कळला की कंस परत जोडा.

अख्ख्या वाक्याचं मराठी भाषांतर मात्र करू नका. वेळ जातोच, शिवाय भाषांतर करताना क्रम उलटा होतो आणि शेवटाकडून मागे येता येता पहिला भाग विसरला जातो.

चौथ्या आठवड्यापासून पेन्सिल बंद. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचं नसतं, त्यामुळे अधोरेखित केल्याशिवाय वाचताच येत नाही अशी सवय लागली तर ती ऐन वेळी नडते.

दुसरी अडचण छोट्या शब्दांची आहे. ‘अनलेस’मध्ये ‘नाही’ दडलेलं असतं. ‘हार्डली’ आणि ‘बेअरली’ यांच्यातही. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. ‘सिन्स’ कधी ‘पासून’, कधी ‘कारण’. ‘व्हाइल’ कधी ‘असताना’, कधी ‘उलट’. हे शब्द सगळ्यांना येतात, म्हणूनच त्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि चूक-बरोबरचा प्रश्न हमखास यांच्यावरच बसवलेला असतो.

एक उतारा जवळून

खालचा उतारा सरावासाठी लिहिलेला आहे आणि इथे देवनागरीत दिला आहे. तो वहीत इंग्रजी लिपीत उतरवून काढा, म्हणजे स्पेलिंगचीही परीक्षा होईल.

‘एव्हरी विंटर, थाउजंड्ज ऑफ फ्लेमिंगोज कम टू ठाणे क्रीक, ऑल्दो द वॉटर इज फार फ्रॉम क्लीन. द मड, विच रिसीव्ह्ज द वेस्ट ऑफ द सिटीज अराउंड इट, इज रिच इन द ॲल्गी दे फीड ऑन. इन 2015 अ पार्ट ऑफ द क्रीक वॉज डिक्लेअर्ड अ सँक्च्युअरी. सेव्हन इयर्स लेटर इट बिकेम अ रामसार साइट. सच लेबल्स, हाउएव्हर, प्रोटेक्ट ओन्ली व्हॉट लाइज इनसाइड द बाउंड्री; मेनी ऑफ द वेटलँड्स ऑफ नवी मुंबई व्हेअर द बर्ड्स रेस्ट ॲट हाय टाइड लाय आउटसाइड इट.’

आता प्रश्न. ‘पाणी स्वच्छ असल्यामुळे पक्षी येतात’, चूक की बरोबर? घाईत वाचणारा पहिल्या ओळीत ‘क्लीन’ पाहतो आणि बरोबर म्हणून मोकळा होतो. ‘फार फ्रॉम क्लीन’ म्हणजे स्वच्छतेपासून कोसभर लांब. विधान चूक. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि सापडला की तिथलं वाक्य उतरवायचं, ही सवय सर्वांत जास्त गुण घालवते.

रामसार दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, कधी मिळाला? उताऱ्यात 2022 कुठेच छापलेलं नाही. 2015 आणि ‘सेव्हन इयर्स लेटर’ जोडायचे. ए-2 मध्ये असंच दोन ओळी जोडून उत्तर काढावं लागतं.

‘दे फीड ऑन’ मधले ‘दे’ कोण? लगेच मागे ‘सिटीज’ आहे, ‘ॲल्गी’ही आहे, पण शैवाल खाणारे फ्लेमिंगो आहेत आणि ते मागच्या वाक्यात राहिले. सर्वनाम आलं की थांबायचं आणि त्याचा मालक शोधायचा. मालक नेहमी सर्वांत जवळचा असतोच असं नाही. शेवटच्या वाक्यातल्या ‘इट’चा मालक बाउंड्री, तर चौथ्यातल्या ‘इट’चा सँक्च्युअरी.

इन्फरन्स: लेखकाला काय म्हणायचंय? ‘सरकारने दिलेला दर्जा पुरेसा नाही’ हे उत्तर बरोबर, कारण ‘हाउएव्हर’ आणि ‘ओन्ली’ हे दोन शब्द त्याला पुरावा देतात. ‘खाडीत सांडपाणी सोडावं असं लेखकाचं मत आहे’ हे चूक. चिखलात शैवाल भरपूर आहे एवढंच तो सांगतो, सोडा म्हणत नाही. ‘पक्षी पुढच्या वर्षी येणार नाहीत’ हेही चूक. तसं होईलही कदाचित, पण उताऱ्यात त्याला आधार नाही. इन्फरन्सचं उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागा नसेल तर ते तुमचं मत, आणि मताचे गुण ए-4 मध्ये आहेत.

पहिल्या वाक्यावर व्याकरणाचा प्रश्नही बसतो: ‘इन स्पाइट ऑफ’ वापरून लिहा. ‘इन स्पाइट ऑफ’च्या मागोमाग पूर्ण वाक्य चालत नाही, म्हणून ‘इन स्पाइट ऑफ द वॉटर बीइंग फार फ्रॉम क्लीन’. उलट ‘ऑल्दो’ वापरताना मराठीतली ‘जरी-तरी’ची जोडी डोक्यात असते, म्हणून मुलं पुढे ‘बट’ लावतात. ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ला सुट्टी.

उत्तरं लिहिताना

ए-1 आणि ए-2 ची उत्तरं छोटी ठेवा. जाळ्यात शब्द किंवा शब्दगट पुरतो, तिथे चार ओळींची वाक्यं लिहून वेळ घालवू नका. 

ए-4 साठी तीन-चार वाक्यं: तुमचं मत, एक कारण, आजूबाजूचं एक उदाहरण. ‘येस, आय ॲग्री विथ द स्टेटमेंट’ लिहून पुढे उताऱ्यातलीच वाक्यं उतरवली तर गुण मिळणं कठीण. उदाहरण घरचं द्या. पावसाळ्यात तुंबणारा रस्ता, ऐरोलीच्या खाडीकाठची कांदळवनं, वाशीच्या मार्केटची पहाट. इंग्रजी साधं असलं तरी उत्तर तुमचं आहे हे तपासणाऱ्याला कळतं.

ए-6 मध्ये अर्थ देऊन शब्द शोधायला सांगतात, तेव्हा दिलेला अर्थ नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण ते आधी पाहा. अर्थ क्रियापदाचा आणि उत्तर नामाचं, ही चूक वर्गात अर्ध्याअधिक वह्यांत सापडते.

सारांश उताऱ्याच्या एक तृतीयांश ठेवा. 270 शब्दांचा उतारा असेल तर 90 च्या आसपास. उदाहरणं, संवाद, आकडे गाळा, मुद्दे आपल्या शब्दांत लिहा आणि वर दोन-चार शब्दांचं शीर्षक द्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं उचलून मध्ये दोन वाक्यं कोंबणं म्हणजे सारांश नव्हे, हे सांगूनही लोक तेच करतात.

शब्दांची वही

एका उताऱ्यातून पाचच शब्द घ्या, तेही उत्तरं तपासून झाल्यावर. सोडवताना डिक्शनरी बंद. आधी आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज वहीत लिहा, मग डिक्शनरी पाहा आणि अंदाज किती जमला त्याची खूण करा. शब्दासमोर नुसता मराठी अर्थ लिहिला तर तो वापरता येत नाही. शब्द ज्या जोडीने आला ती जोडी लिहा: ‘रिच इन’, ‘फीड ऑन’, ‘फार फ्रॉम’. रविवारी आठवड्याचे वीस शब्द झाकून पाहायचे, न आठवलेले पुढच्या आठवड्यात न्यायचे.

आठवडा कसा लावायचा

आठवड्यातून चार दिवस, रोज चाळीस मिनिटं. पंचवीस मिनिटं सोडवायला, पंधरा तपासायला. बारा आठवड्यांत अठ्ठेचाळीस उतारे होतात आणि त्यापेक्षा जास्त लागत नाहीत. रोज तीन उतारे सोडवून मागची उत्तरं पाहून बरोबर-चूक करणारी मुलं दोन महिन्यांनी तिथेच असतात, कारण तपासणीच होत नाही.

तपासणीसाठी वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: प्रश्नाचा प्रकार, मी काय लिहिलं, उताऱ्यातली नेमकी ओळ, चूक का झाली. शेवटच्या रकान्यात एक अक्षर पुरतं. शब्द माहीत नव्हता तर ‘श’, वाक्याची रचना कळली नाही तर ‘र’, प्रश्नच नीट वाचला नाही तर ‘प्र’, वेळ संपली तर ‘वे’. तीन आठवड्यांनी अक्षरं मोजा. ‘प्र’ जास्त असतील तर व्याकरणाचा क्लास लावून काही उपयोग नाही, प्रश्नातली क्रिया कोणती (निवडा, कारण द्या, वर्णन करा) ती आधी पाहायची सवय लावा. ‘र’ जास्त असतील तर पुन्हा पेन्सिल आणि कंस.

ट्रान्स-हार्बर लोकलने कॉलेजला जाणाऱ्यांना ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास मिळतो. त्यात एक उतारा नुसता वाचून तीन वाक्यांत मनातल्या मनात सांगता येतो. लेखी सराव गाडीत होत नाही, आणि सकाळच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. परतीची दुपारची गाडी बरी.

घड्याळ लावून

तीन तासांत 80 गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, म्हणून 12 गुणांना 27 मिनिटं येतात. पंचवीसमध्ये संपवायची सवय ठेवा: प्रश्नांवर नजर टाकायला एक, पहिल्या वाचनाला तीन, दुसऱ्याला तीन, लिहायला सोळा, तपासायला दोन.

आधी प्रश्न की आधी उतारा? नवख्याने पहिला महिना आधी उताराच वाचावा. प्रश्न आधी वाचले की तो शब्द हुडकत सुटतो आणि उतारा वाचायचा राहूनच जातो. पकड आल्यावर ए-1 ते ए-3 आधी पाहून घ्यायला हरकत नाही. ए-5 आणि ए-6 कधीच आधी पाहू नका.

दिवाळीनंतर राखून ठेवलेल्या बोर्डाच्या कृतिपत्रिका काढा. दर रविवारी एक, पूर्ण तीन तास, टेबलावर बसून. उताऱ्याचा प्रश्न पेपरच्या पहिल्या तासात सोडवा, शेवटी ठेवलेला उतारा थकलेल्या डोळ्यांनी वाचावा लागतो. पुस्तकातला उतारा आधी घ्या, तो ओळखीचा असल्याने हात मोकळा होतो, आणि लागलीच अनसीन. एखाद्या प्रश्नावर तीन मिनिटं झाली तर उत्तरपत्रिकेत चार ओळी मोकळ्या सोडून पुढे जा. परत आल्यावर तिथे ए-3 की ए-4 हे कळावं म्हणून क्रमांक मात्र आधीच घालून ठेवा.